दोन हात करण्याआधी अंतर मोजा : कथेतली मारामारी कशी लिहावी

मराठीत एखाद्यापासून 'चार हात लांब' राहतात आणि त्याच्याशी 'दोन हात' करतात. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं माप, साधारण दीड फूट. चार हात झाले सहा फूट. एवढ्या अंतरावरून पाऊल पुढे टाकल्याशिवाय कोणी कोणाला मारू शकत नाही. दोन हात म्हणजे तीन फूट, आणि ठोसा बरोबर तिथे पोचतो. योगायोग असेल, पण मारामारी लिहिणाऱ्याने एवढं जरी लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

बहुतेक लेखक फटके मोजतात. कोणी किती मारले, कुठे मारले, मग दुसऱ्याने काय केलं. वाचणाऱ्याला मात्र आधी दोघं कुठे उभे आहेत ते कळायला हवं. बडोद्याच्या दांडियाबाजारातला एखादा जुना वाडा घेऊ. दारापासून चौकापर्यंत चार-पाच फूट रुंदीचा बोळ, एका बाजूला दोन फूट उंचीचा ओटला, दुसऱ्या बाजूला लावलेली अ‍ॅक्टिवा. वेळ रात्रीची. हेमंत अठ्ठावीस वर्षांचा, विनायक त्याचा चुलतकाका, पन्नाशीचा. भांडण गाडी कुठे लावायची यावरून. (खरं तर वाटणीवरून, पण भांडणं खऱ्या कारणावरून होतात कुठे?) आता हा मजकूर वाचा :

'विनायकने हेमंतच्या तोंडावर जोरदार ठोसा मारला. हेमंत कोलमडला, पण लगेच सावरून त्याने विनायकच्या छातीवर लाथ झाडली. विनायकने ती हवेतच पकडली आणि हेमंतला गरगर फिरवून भिंतीवर आपटलं. हेमंत चवताळून उठला आणि त्याने एकामागून एक ठोसे लगावायला सुरुवात केली.'

यात व्याकरणाची चूक एकही नाही, आणि खरं वाटेल असं वाक्यही एक नाही. गाडी लावल्यावर बोळात उरते अडीच फूट जागा. छातीएवढी लाथ उचलायची तर तीन हातांचं अंतर, मोकळी कंबर आणि पायाखाली न घसरणारी फरशी हवी. माणूस गरगर फिरवायचा तर सहा-सात फुटांचा घेर हवा. शिवाय विनायक पन्नाशीचा आहे.

सगळी अंतरं पाठ करायची गरज नाही. सहा फुटांवर बोलणं आणि धमक्या. चार-साडेचार फुटांवर लाथ. तीन फुटांवर ठोसा, थप्पड. दीड फुटांवर कोपर, गुडघा, डोक्याची ढुशी. त्याच्या आत कवळ, म्हणजे कपडे, केस, मान, जे हाती लागेल ते. न शिकलेली माणसं तीन फुटांवर फार वेळ थांबत नाहीत. एक-दोन फटके झाले की घाबरून एकमेकांना धरतात. म्हणून खऱ्या भांडणाचा बराचसा भाग झोंबाझोंबीचा असतो आणि शेवट बहुधा जमिनीवर होतो. अंतर बदललं की एक वाक्य त्यावर खर्च करा. फटक्याचं वर्णन कमी पडलं तरी चालेल, पण पावलाचं वर्णन गाळू नका.

पहिला फटका बोलण्यात पडतो

हात उठण्याआधी भाषा बदलते, आणि मराठीत ही सोय फार चांगली आहे. काकाला 'तुम्ही' म्हणणारा पुतण्या एका क्षणी 'तू'वर येतो. तिथे ठोसा पडलाच म्हणून समजा. घरातले, शेजारचे, ऑफिसातले, सगळ्यांच्या बाबतीत हे असंच. अहो-जाहो सुटलं की मागे फिरण्याचा रस्ता बंद होतो. आवाज चढवणं, बोट नाचवणं, बाह्या वर करणं याची वर्णनं सगळेच करतात. सर्वनाम बदललेलं मात्र वाचकाच्या कानाला आपोआप लागतं, समजावून सांगावं लागत नाही.

हात उठण्याआधी हातातली वस्तू खाली ठेवली जाते. चष्मा काढला जातो. नजर आजूबाजूला एकदा फिरते, कोण बघतंय म्हणून. खूपदा भांडण इथेच थांबतं, कारण कोणीतरी मधे पडतं. 'सोड मला, सोड' असं ओरडणाऱ्या माणसाला आतून कोणी सोडू नये असंच वाटत असतं. हा सगळा भाग मिनिटांचा आणि मारामारी सेकंदांची. कागदावरही तेच प्रमाण ठेवायला हरकत नाही.

मारला, बसला, लागला

'विनायकने ठोसा मारला' हे विनायकच्या बाजूचं वाक्य. 'हेमंतला ठोसा बसला' हे हेमंतच्या बाजूचं. 'हेमंतला लागलं' यात मारणारा गेलाच, उरली फक्त वेदना. प्रसंग कोणाच्या डोळ्यांनी चाललाय हे ठरवा आणि क्रियापद त्याप्रमाणे धरा. हेमंतच्या बाजूने लिहायचं तर 'ने'वाली वाक्यं जेवढी कमी तेवढं बरं, कारण मार खाणाऱ्याला कर्ता दिसत नाही, परिणाम आधी कळतो. याला शरीराचा आधार आहे. दिसलेल्या गोष्टीवर हालचाल सुरू करायला माणसाला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. जवळून आलेला ठोसा साधारण तेवढ्याच वेळात पोचतो. तेव्हा 'ठोसा येताना पाहून त्याने मनगट पकडलं' हे जवळजवळ अशक्य. ठोसा चुकवणारा आधीच खांद्यावरून, पावलावरून अंदाज बांधत असतो. तसं असेल तर तो खांदा लिहा.

फटक्यांची नावं आपल्याकडे इतकी आहेत की विशेषणांची गरजच पडू नये. थप्पड, चापट, चपराक यांत पंजा उघडा असतो. मुस्काटात, थोबाडीत, कानशिलात, कानाखाली यांत जागा सांगितलेली आहे. धपाटा पाठीत, उघड्या पंजाचा, आणि त्यात थोडी माया असते. आई घालते तो धपाटा, पोलीस घालत नाही. बुक्कीही पाठीतच, पण मुठीच्या खालच्या बाजूने, भावंडांमधली. गुद्दा जवळून आणि आखूड, ठोसा हात लांब करून. रट्टा मास्तरांचा. टोला काठीचा. टपली डोक्यावर, अपमान करण्यापुरती. 'श्रीमुखात भडकावली' म्हटलं की प्रसंग विनोदी झाला. खुनाच्या दृश्यात तो शब्द आला तर सगळं ओम फस! 'जोरदार', 'सणसणीत', 'जबरदस्त' हे शब्द काढून योग्य नाव घाला आणि वाक्य परत वाचा.

आवाजांचं तसंच. फाडकन, खाडकन, धप्पकन, काडकन हे शब्द मोहात पाडतात. थपडेचा आवाज मोठा येतो, मुठीचा मात्र दबका असतो, गादीवर हात मारल्यासारखा. 'काडकन' हाड किंवा वाळलं लाकूड मोडल्यावरच. एका प्रसंगात असा एक शब्द पुरे.

शरीर काय करतं

पूर्ण जोर लावून केलेली हालचाल दहाएक सेकंद टिकते. त्यानंतर स्नायूंतला हाताशी असलेला साठा संपतो आणि जोर उतरू लागतो. अर्ध्या-एक मिनिटात सराव नसलेला माणूस धापा टाकतो, हात खाली येतात, गुडघे जड होतात. मुष्टियुद्धात वर्षानुवर्षं घाम गाळलेल्यांचीही फेरी तीन मिनिटांची आणि मधे मिनिटाची विश्रांती असते. तुमचा बँकेतला कारकून गच्चीवर दहा मिनिटं लढत असेल तर निदान मधे एकदा त्याला कठड्याला टेकू द्या.

भीतीने काळीज धडधडतं, तोंड कोरडं पडतं, नजर आक्रसून समोरच्या एका गोष्टीवर खिळते, आवाज दूर गेल्यासारखे वाटतात. बोटांची बारीक कामं जमत नाहीत. किल्ली कुलपात जात नाही, मोबाईलवर नंबर लागत नाही. थरथर बहुधा सगळं संपल्यावर सुटते. वेदनाही उशिरा येते. चाकू लागलेल्या अनेकांना आधी बुक्की बसल्यासारखंच वाटतं, ओलं लागल्यावर कळतं.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मारणाऱ्याचा हात. कवटीचं हाड भक्कम, बोटांमागची हाडं बारीक. मुठीने डोक्यावर किंवा जबड्यावर मारणाऱ्या अननुभवी माणसाचं करंगळीच्या मुळाशी असलेलं तळहाताचं हाड मोडणं ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की डॉक्टर सूज बघूनच ओळखतात. दुसरं, समोरच्याच्या दातावर आपटून बोटाच्या पेरावर पडलेली चीर. दिसते अर्धा सेंटीमीटर, पण तोंडातले जंतू सांध्यात गेले तर दोन दिवसांत हात सुजून लाल होतो आणि शस्त्रक्रियेपर्यंत जातं. नायकाच्या विजयाची ही किंमत कथेत फार उपयोगी पडते.

कपाळ आणि टाळू फाटली की रक्त भसाभसा येतं, जखम लहान असली तरी. भुवई फुटली तर रक्त डोळ्यात जातं आणि त्या बाजूचं दिसत नाही, म्हणजे पुढचा फटका त्याच बाजूने आला पाहिजे. नाकावर बसलं की डोळ्यांतून पाणी आपोआप येतं, त्याचा रडण्याशी संबंध नाही. छातीच्या पिंजऱ्याखाली मधोमध बसलं तर श्वासपटल आखडतं आणि काही सेकंद श्वास आत घेताच येत नाही. ओरडताही येत नाही, तेव्हा तिथे 'आई गं' लिहू नका. उजव्या बरगड्यांखाली, यकृतावर बसलेला गुद्दा क्षणभर उशिरा कळतो आणि मग माणूस घडी घातल्यासारखा खाली बसतो.

डोक्यात काठी, माणूस बेशुद्ध, तासाभराने दोरीने बांधलेल्या अवस्थेत जागा, डोकं चोळतो आणि पळतो : हे सोडा. मेंदू कवटीत हिसका बसून फिरतो तेव्हा शुद्ध जाते, आणि ती बहुधा काही सेकंदांत परत येते. माणूस गोंधळलेला असतो, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, ओकारी येते, आधीची काही मिनिटं आठवत नाहीत. शुद्ध काही मिनिटांहून अधिक हरपली तर ती गंभीर इजा, दोरी सोडवण्याची गोष्टच नाही. लेखकाला जास्त कामाचा प्रकार वेगळा आहे. माणूस उठतो, बरा बोलतो, चहा पितो, आणि काही तासांनी कोसळतो, कारण कवटीच्या आत रक्त साचत असतं.

आता तोच बोळ, हेमंतच्या बाजूने :

'"काका, सकाळी काढतो म्हटलं ना."
"आत्ता काढ."
"नाही काढत. काय करशील?"
करशील. विनायकने हातातली दुधाची पिशवी ओटल्यावर ठेवली. ती कलंडली. त्याने पुन्हा नीट ठेवली. मग दोन पावलं पुढे आला.
ठोसा कुठून आला ते हेमंतला दिसलं नाही. गाल बधिर झाला, गाडीचा आरसा पाठीत रुतला, तोंडात काहीतरी कोमट. हाताला सापडलं ते त्याने धरलं. बंडी. बंडीखालचं जानवं. काहीतरी फाटलं. काकाचा श्वास त्याच्या कानात, तंबाखूचा. गाडी कलंडली ती दोघांना घेऊनच.
"ए हेमू, मूकी दे ने!" वरच्या गॅलरीतून कोणीतरी ओरडलं.
विनायक खाली होता. उठायला तो हँडल चाचपत होता आणि त्याची उजवी करंगळी वळत नव्हती.'

फटका एकच आहे. अंतर तीनदा बदललं : दोन पावलं, कवळ, जमीन. गाडी आधी दिसली, मग पाठीत लागली, मग पडली. जागेतली वस्तू आयत्या वेळी उगवता कामा नये. गॅलरीतल्या माणसाला गुजराती सुचली, कारण बडोद्यात तातडीच्या वेळी तीच तोंडात येते. तिथे शुद्ध 'सोडून दे रे' लिहिलं असतं तर ते पुण्याचं झालं असतं.

तालमीतला आणि तलवारीचा

पात्र तालमीत घोटलेलं असेल तर ते ठोसे मारणार नाही. पैलवानाचा हात मनगटाकडे, मानेकडे, मांडीकडे जातो. तो पट काढेल, म्हणजे पाय धरून पाडेल, धोबीपछाड घालेल. पण हौद्यातली माती तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली असते. त्याच धोबीपछाडीने माणूस सिमेंटवर आला तर गळपट्टीचं हाड किंवा डोकं जातं, आणि चांगल्या पैलवानाला हे ठाऊक असतं. तो मारताना हात राखून मारतो. ही घालमेल पानावर आली तर डावाचं नाव नाही आलं तरी चालतं. नाव घालायचंच असेल तर त्यात कोणाचा पाय कुठे जातो ते आधी स्वतः करून पाहा.

बडोद्याची ऐतिहासिक कथा लिहिणाऱ्याला सामग्रीची वाण नाही. जुम्मादादा व्यायाममंदिर चालवणारे प्रो. माणिकराव हाडवैद्य म्हणूनही प्रसिद्ध होते. त्या काळातलं तुमचं पात्र मोडलेला हात घेऊन दवाखान्याऐवजी आखाड्यात जाऊ शकतं. त्याआधी, १८६० च्या दशकात, खंडेराव महाराजांच्या बडोद्यात आलेल्या लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने मुठीवर शिंगाची नखं बांधून होणारी कुस्ती पाहिली आणि लिहून ठेवली. रक्तबंबाळ प्रकार. वज्रमुष्टीचं, म्हणजे याच कुस्तीचं दृश्य लिहिताना मुठीवरच्या शिंगापेक्षा रिकाम्या हाताकडे लक्ष द्या, कारण समोरच्याचं शस्त्र त्यालाच धरून ठेवावं लागतं.

सयाजीबागेतल्या संग्रहालयात गामा पैलवानाने १९०२ मध्ये उचलल्याचा लेख कोरलेला दगड आहे. वजन बाराशे किलो सांगतात. ज्याला पटायचं त्याला पटो, पण तुमच्या नायकाने सत्तर किलोचा माणूस एका हाताने उचलून भिरकावण्याआधी घरातला भरलेला गॅस सिलिंडर उचलून पाहा. तो तीस किलोच्या आसपास असतो, आणि हातपाय झाडत नाही.

तलवार किलोभराची असते, तीन-चार किलोची नव्हे. ओझ्यापेक्षा जागा महत्त्वाची. आपल्या तलवारीच्या मुठीच्या टोकाला चकती असते, ती मनगटाला अडते. म्हणून वार मनगटातून फिरवण्यापेक्षा खांद्या-कोपरातून ओढून कापणारा असतो. दांडपट्ट्यात तर मनगट खोबणीतच अडकलेलं, पातं लांब आणि लवचिक. सगळं अंग फिरवल्याशिवाय तो चालत नाही आणि भोवती आठ-दहा फूट मोकळं लागतं. बडोद्यातल्या मांडवीजवळच्या पोळात, म्हणजे अरुंद गल्लीच्या वस्तीत, दांडपट्टा काढणारा वीर पहिला वार समोरच्या ओसरीच्या खांबावर करील. सहा फुटी लाठी तिथे डोक्यावरून फिरत नाही, भाल्यासारखी खुपसावी लागते. एकटा माणूस अनेकांना भारी पडतो तो अशाच बोळात, कारण तिथे एका वेळी एकच येऊ शकतो. मोकळ्या मैदानात चौघांनी घेरलेला माणूस जिंकत नाही. तो पळतो, आणि पळणं लिहायलाही छान असतं. फक्त बडोद्याच्या विश्वामित्री नदीत उडी मारायला लावू नका. मगरी आहेत.

दुसऱ्या दिवशी

मुका मार पहिल्या दिवशी लालसर, मग निळा-जांभळा, पाच-सहा दिवसांनी कडेने हिरवट, मग पिवळा, आणि दोनेक आठवड्यांत जातो. नाकाच्या फटक्याने दुसऱ्या दिवशी दोन्ही डोळ्यांखाली काळं येतं. बरगडी मोडली तर दीडेक महिना खोकणं, शिंकणं, हसणं दुखतं. आठवडाभराने घडणाऱ्या प्रकरणात हे विसरलं जातं, तेव्हा तारखांचा कागद जवळ ठेवा.

कायद्याचंही पाहून घ्या, कारण कथेची कलाटणी तिथे असते. दवाखान्यात गेलं की मारामारीची नोंद होते आणि पोलिसांना कळतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. साधी दुखापत कलम ११५(२), एक वर्षापर्यंत शिक्षा, आणि पोलीस न्यायालयाच्या हुकमाशिवाय तपासही करत नाहीत. गंभीर दुखापत कलम ११७(२), सात वर्षांपर्यंत, आणि पोलीस थेट गुन्हा नोंदवतात. त्याआधीच्या कथेत अनुक्रमे भारतीय दंड विधानाची ३२३ आणि ३२५ येतील. हाड किंवा दात मोडला की दुखापत गंभीर धरली जाते. म्हणजे हेमंतचा एक दात पडला असेल तर त्याच्या हातात हुकमाचा पत्ता आहे. विनायकचं हाड त्याच्याच ठोशाने मोडलंय, त्याची तक्रार त्याने कोणाविरुद्ध करायची?

त्याच्या हाताला महिनाभर प्लास्टर आहे. त्या महिन्यात घरातलं श्राद्ध येऊ द्या. तर्पणाचं पाणी उजव्या हाताने सोडायचं असतं, गुरुजी येऊन बसलेत, आणि घरात दुसरा पुरुष हेमंतच आहे, डोळ्याखाली पिवळा डाग घेऊन.